आर्गनचा सिलेंडर हवेतून भरतात, पण हवेत एवढा आर्गन आला कुठून?

टिगवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण वाचा. मी कुपवाड एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलचं काम करतो, दुधाच्या टाक्या, डेअरीच्या पाईपलाईन वगैरे. टिग वेल्डिंगला दिवसभर आर्गन लागतो, सिलेंडर संपला की दुसरा आणायचा एवढंच आजवर माहिती होतं. तर गॅसच्या गाडीवरच्या माणसाला सहज विचारलं की हा आर्गन बनवतात कशापासून, तो म्हणाला बनवत नाहीत, हवेतनंच काढतात. वाचून बघितलं तर खरंच तसंय. हवा प्रचंड गार करून तिचं द्रव करतात, मग नायट्रोजन उणे १९६ अंशाला उकळतो, आर्गन उणे १८६ ला आणि ऑक्सिजन उणे १८३ ला, ह्या फरकावर उंच टॉवरमध्ये तिघांना वेगळं करतात. आर्गन आणि ऑक्सिजनमध्ये तीनच अंशांचा फरक, त्यामुळे तेच काम सगळ्यात किचकट. आणि ७ घनमीटरचा एक सिलेंडर भरायचा तर निदान ७५० घनमीटर हवा लागते.

इथपर्यंत समजलं. पण मग आकडे बघितले आणि झोप उडाली. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५, आर्गन ०.९३ आणि ज्याच्यावरून सगळ्या जगात बैठका चालतात तो कार्बन डायऑक्साईड ०.०४२ टक्के. म्हणजे आर्गन त्याच्या बावीसपट! आर्गन कशाशी संयोग करत नाही म्हणून तर आम्ही वापरतो, झाड तो सोडत नाही, जनावर सोडत नाही, इंजिनातून येत नाही, मग एवढा आला कुठनं? आणि एकदा हा प्रश्न पडला की बाकीचे पण पडतात. ऑक्सिजन झाडांनी केला म्हणतात, मग झाडं यायच्या आधी काय होतं? शुक्रावर आणि मंगळावर बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साईडच आहे, आपल्याकडेच हे असं मिश्रण कसं झालं? शाळेत टक्केवारी पाठ करून घेतली पण हे कोणी सांगितल्याचं आठवत नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, वाचायला वेळ आहे.

काळा_कातळ

फार चांगला प्रश्न. मी साताऱ्याला बरीच वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं, आणि वातावरण शिकवताना मी सुरुवात आर्गनपासूनच करायचो, कारण तो कशातच पडत नाही, एकदा हवेत आला की तिथंच राहतो, म्हणून जुनी गोष्ट तोच सगळ्यात स्वच्छ सांगतो.

तुमच्या सिलेंडरमधला आर्गन खडकातून आलाय. खडकात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा भाग, दहा हजारात एखादा अणू म्हणा, पोटॅशियम-४० ह्या किरणोत्सारी प्रकारचा. तो सावकाश मोडत जातो, निम्मा व्हायला १२५ कोटी वर्षं. मोडला की बहुतेक वेळा त्याचं कॅल्शियम होतं, पण शंभरात सुमारे अकरा वेळा आर्गन-४० होतो. खडक घट्ट आहे तोवर तो आर्गन स्फटिकात अडकून पडतो, आणि खडक वितळला, लाव्हा होऊन वर आला, झिजला, फुटला की सुटतो आणि हवेत जातो. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, तेवढा काळ हे चाललंय आणि आजही चालूच आहे. असं साचत साचत आज हवेत ६६ लाख कोटी टन आर्गन आहे. पृथ्वीच्या पोटात आजवर जेवढा तयार झाला त्यातला साधारण निम्माच बाहेर आलाय असं मानतात.

आता कोणी म्हणेल हा खडकातलाच कशावरून, सुरुवातीपासून हवेत असेल. तर ह्याला पुरावा आहे आणि तो माझा आवडता पुरावा आहे. आर्गनचे तीन स्थिर प्रकार, ३६, ३८ आणि ४०. ताऱ्यांमध्ये तयार होणारा आर्गन मुख्यतः ३६, सूर्यात तोच जास्त. आपल्या हवेतला आर्गन तपासला तर ९९.६ टक्के आर्गन-४०. म्हणजे सूर्याभोवतीच्या मूळ वायूतला आर्गन आपल्याकडे जवळजवळ नाहीच, जो आहे तो पोटॅशियमपासून इथंच जन्मलेला. १९३७ साली व्हाइत्सझेकरने पोटॅशियमपासून आर्गन होत असणार असा तर्क मांडला आणि १९४८ ला ऑल्ड्रिच आणि नीअर ह्या दोघांनी जुन्या पोटॅशियमयुक्त खनिजांतून आर्गन-४० काढून दाखवला.

ह्याच्याच जोडीला निऑनचं बघा. सूर्यात निऑन आणि नायट्रोजन साधारण सारख्या प्रमाणात आहेत. आपल्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि निऑन दहा लाखात अठरा भाग. दोघं वायूच्या रूपात एकत्र आले असते तर एवढा फरक पडायचं कारणच नव्हतं. ह्याचा अर्थ पृथ्वीला अगदी सुरुवातीला हायड्रोजन-हिलियमचं जे काही आवरण होतं ते गेलं, टिकलं नाही. कोवळ्या सूर्याचा मारा, मोठमोठ्या धडका, चंद्र ज्या धडकेतून झाला ती तर सगळ्यात मोठी. आज आपण जी हवा घेतो ती नंतर आतून आलेली. नायट्रोजन, कार्बन, पाणी हे सगळं घन पदार्थात, खनिजात बांधलेलं आलं, काही उल्कांसोबत पडलं, आणि मग ज्वालामुखीतून वायू होऊन बाहेर पडलं. वाफ, कार्बन डायऑक्साईड, नायट्रोजन, गंधकाचे वायू. वाफेचा पाऊस होऊन समुद्र भरले. मोकळा ऑक्सिजन ह्यात जवळजवळ नव्हताच.

साताऱ्यात हे बघायचं असेल तर यवतेश्वरच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्याजवळ थांबा. लाव्हाचे थर एकावर एक दिसतात, मधूनमधून तांबडा पट्टा. प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकांचा असतो, विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. ती भोकं म्हणजे लाव्हातून वर येणारे वायूचे बुडबुडे, निसटायच्या आत दगड गार झाला म्हणून तिथंच राहिलेले. वाटाण्याएवढे, काही बोराएवढे, काही वरच्या दिशेने ताणलेले. नंतर त्यात पाणी झिरपून पांढरी खनिजं भरली. फक्त एक ध्यानात ठेवा, आपला सह्याद्री ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, पृथ्वीच्या मानाने अगदी अलीकडचा, त्याने वातावरण तयार केलेलं नाही. पण वायू आतून बाहेर कसा येतो ते त्या दगडात हाताने चाचपता येतं. आणि हे ६.६ कोटी वर्षं वय काढलं कसं? मुख्यतः आर्गन मोजूनच! लाव्हा वितळलेला असताना जुना आर्गन निघून जातो, दगड गोठला की मोजणी शून्यापासून सुरू होते.

तासगाव_बागायतदार

सर नमस्कार, वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका. पोटॅशियम म्हणजे आम्ही उसाला एमओपी, म्हणजे पोटॅश खत, घालतो तेच ना? मग ते पण किरणोत्सारी म्हणायचं का? आणि त्यातनं पण आर्गन निघत असणार मग.

दुसरं म्हणजे नायट्रोजनचं कोणीतरी सांगा. ७८ टक्के डोक्यावर आहे आणि आम्ही युरियाच्या पोत्यासाठी दुकानासमोर रांगेत उभं राहतो हे काय गणित आहे.

काळा_कातळ

हो, तेच पोटॅशियम. किरणोत्सार अगदी किरकोळ, घाबरायचं काही कारण नाही, केळात, बटाट्यात, आपल्या स्वतःच्या अंगात पण तो असतोच. ५० किलोच्या एमओपीच्या पोत्यात २५ किलोच्या आसपास पोटॅशियम, हिशोब केला तर त्यात दर सेकंदाला ८० हजारांच्या आसपास आर्गनचे नवीन अणू तयार होतात. ऐकायला मोठा आकडा, पण अणू इतका बारीक की पोत्यातलं सगळं पोटॅशियम-४० संपेपर्यंत थांबलात तरी पाव लिटरसुद्धा आर्गन मिळायचा नाही. ह्यावरून विचार करा, हवेतला सगळा आर्गन तयार व्हायला केवढा खडक आणि केवढा काळ लागला असेल.

आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम तसं कमीच. ग्रॅनाइटमध्ये भरपूर. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठण्याला ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलंय, कराडजवळच्या केंद्राचं काम आहे ते, तिथं सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून खाली ग्रॅनाइट-नाइस जातीचा फार पुरातन खडक लागला. म्हणजे आपल्या पायाखाली सुद्धा आर्गन तयार करणारा खडक आहे, वर लाव्हाचं जाड पांघरूण पडलंय एवढंच.

नायट्रोजनचं केमिस्ट्रीवाल्यांनी सांगावं.

हरिपूरकर

मी सांगलीला केमिस्ट्री शिकवते, नायट्रोजनचं मी सांगते. दादा, तुमच्या प्रश्नातला वैताग अगदी रास्त आहे. सांगलीच्या उंचीला हवेचं वजन धरून हिशोब केला तर एका एकरावर उभा असलेला नायट्रोजन जवळपास ३० हजार टन भरतो. आणि युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नायट्रोजन जेमतेम २१ किलो. अडचण अशी की हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात, तो बंध तोडायला फार ऊर्जा लागते. झाडाला ते जमत नाही. विजा चमकतात तेव्हा थोडा तुटतो, सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीतले रायझोबियम जिवाणू तोडतात, मोकळ्या जमिनीत ॲझोटोबॅक्टर जिवाणू तोडतात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाबर आणि बॉश ह्यांनी कारखान्यात तोडायची रीत काढली, युरिया त्यातूनच येतो. तुम्ही पोत्याचे पैसे देता ते नायट्रोजनचे नाहीत, तो बंध तोडण्याचे देता.

आणि हाच घट्ट बंध नायट्रोजन हवेत ७८ टक्के असण्याचं मोठं कारण पण आहे. ज्वालामुखीतून बाहेर पडताना नायट्रोजन कधीच सगळ्यात जास्त नव्हता, वाफ आणि कार्बन डायऑक्साईड त्याच्याहून पुष्कळ जास्त. पण वाफेचा समुद्र झाला, कार्बन डायऑक्साईड दगडात गेला, आणि नायट्रोजन विरघळत पण नाही फारसा, कशाशी चटकन जोडला पण जात नाही, म्हणून मागे उरला. जिवाणू जेवढा तोडून जमिनीत नेतात तेवढा दुसरे जिवाणू परत हवेत सोडतात. शुक्राशी तुलना केली तर लक्षात येतं, तिथं नायट्रोजन फक्त साडेतीन टक्के, पण तिथला दाब आपल्या ९२ पट असल्यामुळे एकूण नायट्रोजन आपल्या तिप्पट-चौपट भरतो. म्हणजे दोन्हीकडे नायट्रोजन बऱ्यापैकी आहेच, फरक कार्बन डायऑक्साईडचा आहे. शुक्रावर तो हवेत राहिला, ९६.५ टक्के. आपल्याकडे कुठं गेला?

त्याचं उत्तर तासगावकरांच्या रानात आहे. चुनखडीची जमीन म्हणतो ना आपण, द्राक्षाची कोवळी पानं पिवळी पडतात, लोह लागू होत नाही, खणलं की मातीत पांढरे खडे निघतात. तो खडा स्वच्छ धुऊन फरशी धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाका, हातमोजे घालून आणि उघड्यावर. फसफसतो. ती फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साईड, हवेतून आणि मुळांच्या श्वासातून जमिनीत गेलेला आणि कॅल्शियमशी जोडून दगड झालेला. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साईड विरघळला की ते किंचित आंबट होतं, ते पाणी बेसॉल्टला झिजवतं, त्यातलं कॅल्शियम सुटून बायकार्बोनेटबरोबर नदीत येतं. महाबळेश्वरपासून वाई, माहुली, कराडचा प्रीतिसंगम, आमचं हरिपूर असं करत कृष्णा ते सगळं बंगालच्या उपसागरात नेते, तिथं शंख-शिंपले आणि बारीक जीव त्याचा चुना करून अंगावर घालतात, मेले की तळाशी थर. अशा थरांचा चुनखडक होतो. जगातल्या सगळ्या चुनखडकातला कार्बन डायऑक्साईड परत हवेत आणला तर आपली हवा शुक्राच्या जवळ जाईल इतका तो आहे. शुक्र तापत गेला, पाणी टिकलं नाही, त्यामुळे तो दगडात बांधायची सोय राहिली नाही.

बेसॉल्ट ह्या कामात फार पटाईत आहे, ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो. आपल्या दख्खनच्या लाव्हाने निघताना कार्बन डायऑक्साईड ओकला, पण नंतर हाच दगड कोट्यवधी वर्षं तो परत ओढत बसलाय. कासच्या पठारावर सड्यावर जो जांभा दिसतो तो तसाच झिजून झिजून उरलेला बेसॉल्ट, त्यातलं कॅल्शियम केव्हाच वाहून गेलंय, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलंय.

वाईकर_निसर्गमित्र

सगळं वाचलं, छान माहिती. पण ऑक्सिजनबद्दल सरळ बोला ना, तो झाडंच देतात. कोयनेचं जंगल, महाबळेश्वरचं जंगल आहे म्हणून आपण श्वास घेतोय. झाडं तोडत राहिलो तर ऑक्सिजन संपणार हे लोकांना ठासून सांगायला हवं. आम्ही दर पावसाळ्यात झाडं लावतो ती त्यासाठीच.

शेवाळवाली_सातारा

दादा तुम्ही झाडं लावता ह्याबद्दल मनापासून आदर आहे, लावत रहा. पण ऑक्सिजन संपेल हे कारण देऊ नका, कारण ते खरं नाही आणि कोणी हिशोब मांडला तर तुमचंच म्हणणं कमकुवत पडतं. मी मायक्रोबायॉलॉजी शिकते, माझा विषयच निळं-हिरवं शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया, त्यामुळे जरा लांब लिहिते.

झाड दिवसा ऑक्सिजन सोडतं हे बरोबर. पण झाड स्वतः श्वास घेतं, त्याचं पान पडून कुजतं, किडे-बुरशी ते खातात, ह्या सगळ्यात जवळजवळ तेवढाच ऑक्सिजन परत खर्च होतो. वर्षाअखेरीस शिल्लक जवळपास शून्य. मग हवेतले २१ टक्के कुठले? ती जुनी ठेव आहे, बँकेत वडिलोपार्जित मोठी ठेव असावी आणि घरचा रोजचा जमाखर्च मात्र बरोबरीचा असावा तसं. ठेव जमा कशी झाली तर जेव्हा जेव्हा मेलेला जीव कुजायच्या आत गाळात गाडला गेला तेव्हा त्याच्या वाटचा ऑक्सिजन खर्च व्हायचा राहिला आणि हवेत उरला. कोट्यवधी वर्षांत असा गाडलेला कार्बन म्हणजे आजचा ऑक्सिजन. त्या गाडलेल्यातला अगदी छोटा भाग कोळसा आणि खनिज तेल, बाकीचा काळपट शेल खडकांमध्ये विखुरलेला. पृथ्वीवरची सगळी झाडंझुडपं, प्राणी, सगळं आज जाळून टाकलं तरी हवेतला ऑक्सिजन एक टक्क्याने सुद्धा कमी व्हायचा नाही, ठेव एवढी मोठी आहे. कोळसा-पेट्रोल जाळल्याने तो दरवर्षी दहा लाखात सुमारे चार भागांनी कमी होतोय, हे प्रत्यक्ष मोजलंय, पण त्याने श्वास कोंडायला हजारो वर्षं लागतील. कार्बन डायऑक्साईडचं तसं नाही, तो मुळात इतका थोडा की आपण घातलेली भर लगेच दिसते. कारखानदारी यायच्या आधी दहा लाखात २८० भाग, १९५८ ला चार्ल्स कीलिंगने हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास, आज ४२० च्या वर. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतली ८ लाख वर्षांची हवा तपासली, त्यात तो ३०० च्या वर फारसा कधी गेलेला नाही. म्हणून झाडं राखायची ती सावलीसाठी, पाण्यासाठी, मातीसाठी, शेकरूसाठी आणि ह्या कार्बनसाठी. कारणं भरपूर आहेत आणि सगळी खरी आहेत.

आता टिगवाल्या दादांचा प्रश्न, झाडांच्या आधी काय. जमिनीवर झाडं यायला अजून पन्नास कोटी वर्षं पण झाली नाहीत. ऑक्सिजन त्याच्या कितीतरी आधीचा, सायनोबॅक्टेरियाने केलेला. पावसाळ्यात टाकीच्या कडेला, दगडी पायरीवर जो काळपट हिरवा बुळबुळीत थर धरतो त्यात ह्यांची जात सापडते. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एकेक पेशी माळेत ओवल्यासारखी, मधेच एखादी पेशी मोठी आणि फिकट, नायट्रोजन तोडायचं काम त्या फिकट पेशीत चालतं कारण त्या यंत्रणेला ऑक्सिजन सोसत नाही. म्हणजे ज्याने ऑक्सिजन तयार केला त्यालाच त्यापासून जपून रहावं लागतं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा किती वेळ डोळा काढलाच नाही.

ह्यांनी पाणी फोडून ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली तरी हवेत तो लगेच साठला नाही. समुद्रात विरघळलेलं लोह होतं, ते ऑक्सिजन पकडून गंजासारखं तळाला बसायचं. पट्टेदार लोहखडक त्याच काळातले, आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे संडूर-होस्पेटकडचं लोहखनिज, ते थर अडीचशे कोटी वर्षांहून जुने. ज्वालामुखीचे वायू पण ऑक्सिजन गिळायचे. मग २४० कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास पारडं फिरलं आणि ऑक्सिजन हवेत टिकायला लागला. हे कळलं कसं तर जुन्या खडकांतल्या गंधकाच्या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या प्रकारांचं, प्रमाण एका विशिष्ट तऱ्हेने बिघडलेलं असतं, ते ऑक्सिजन आणि ओझोन नसलेल्या हवेतच अतिनील किरणांमुळे होऊ शकतं, आणि तेवढ्या काळानंतरच्या खडकांत ते एकदम नाहीसं होतं. २००० साली फारक्वार आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं.

तरीपण तेव्हा आजच्यासारखे २१ टक्के नव्हते, फार थोडा होता, पुढची शंभर-दीडशे कोटी वर्षं तसाच रखडला. मग प्राणी यायच्या सुमारास पुन्हा वाढला, आणि कोळशाची जंगलं होती त्या काळात तर ३० टक्क्यांच्या वर गेला असावा असा अंदाज आहे, तेव्हाच्या चतुरासारख्या कीटकांचे पंख ६५ ते ७० सेंटिमीटर पसरायचे. शेवाळांच्या जुन्या थरांचे दगड बघायचे तर फार लांब जायला नको, बागलकोटकडच्या कलादगी खडकांत आहेत, कांद्याच्या कापासारख्या गोल रेषा दिसतात.

वाईकर_निसर्गमित्र

ताई, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाताना पायरीवरचं शेवाळ दाखवणार. कुठल्या लेन्सने दिसेल?

शेवाळवाली_सातारा

साध्या भिंगातून फक्त हिरवा थर दिसेल. शाळेतल्या मायक्रोस्कोपला ४० चं ऑब्जेक्टिव्ह असतं, त्यात माळा स्पष्ट दिसतात. चिमूटभर थर पाण्याच्या थेंबात सुईने विस्कटून घ्या, जाड राहिला तर काळंच दिसतं.

टिगवाला_कुपवाड

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. आता अजून एक. आर्गन हवेपेक्षा जड आहे, आम्ही टाकीच्या आत पर्जिंग करतो, म्हणजे आर्गन सोडून आतली हवा बाहेर काढतो, तेव्हा तो तळाशी बसतो हे रोजचं आहे. मग सगळ्या वातावरणात तो खाली का नाही बसत? सांगलीत आर्गन जास्त आणि महाबळेश्वरला कमी असं व्हायला पाहिजे होतं.

काळा_कातळ

वारा आणि उन्हाने हवा सतत ढवळली जाते, त्या ढवळण्यापुढे वजनाचा फरक टिकत नाही. साधारण १०० किलोमीटर उंचीपर्यंत नायट्रोजन, ऑक्सिजन, आर्गन ह्यांचं प्रमाण तेच राहतं, त्याच्या वर मात्र हलके-जड वेगळे व्हायला लागतात. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्के कमी, पण त्या विरळ हवेत सुद्धा ऑक्सिजन २०.९५ आणि आर्गन ०.९३ च. बदलते ती वाफ, उन्हाळ्यात सोलापूरकडे बरीच कमी आणि पावसाळ्यात कोकणात चार टक्क्यांपर्यंत.

मिरज_फॅब्रिकेशन

टिगवाले भाऊ, शास्त्राचं चालू दे पण पर्जिंगचं काढलंस म्हणून लिहितो. बंद टाकीत वारा नाही, ढवळणं नाही, तिथं आर्गन बसतोच. वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, माणूस खाली वाकला की सरळ पडतो आणि त्याला काढायला उतरणारा पण पडतो. एका वर्कशॉपमध्ये असं होता होता वाचलेलं मी बघितलंय. आत उतरायच्या आधी ऑक्सिजन मीटर दोरीने तळापर्यंत सोडायचा, १९.५ टक्क्यांच्या खाली दाखवलं तर ब्लोअर लावायचा, तोवर कोणी उतरायचं नाही. बाहेर एक माणूस कायम उभा.

टिगवाला_कुपवाड

मीटर आहे आमच्याकडे, पण तळापर्यंत सोडून बघत नव्हतो, तोंडाशीच धरायचो. उद्यापासून दोरी.

सर शेवटचा प्रश्न. खडकात आर्गन तयार होतो तसा हिलियम पण तयार होतो असं वाचलं. मग हवेत हिलियम एवढा कमी का? आणि हिलियमचा सिलेंडर इतका महाग का, तो पण हवेतनं काढता येईल की.

काळा_कातळ

हिलियम पण तसाच तयार होतो, युरेनियम आणि थोरियम मोडताना जे अल्फा कण बाहेर पडतात ते म्हणजे हिलियमचीच अणुकेंद्रं. पण आर्गन जड, पृथ्वीच्या ओढीतून सुटत नाही, हिलियम इतका हलका की वरच्या थरातून अवकाशात निसटत राहतो. येतो तेवढा जातो, म्हणून हवेत दहा लाखात फक्त पाच भाग. एवढ्यासाठी हवा गार करत बसणं परवडत नाही. त्यामुळे हिलियम मिळवतात तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून, जिथं खडकातून निघालेला हिलियम वरच्या घट्ट थराखाली अडकून साठलेला असतो, आणि अशा विहिरी जगात मोजक्याच देशांत. आपल्या देशात बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांच्या वायूत तो सापडतो, त्यावर शास्त्रज्ञांनी काम पण केलंय, पण आपली गरज मुख्यतः बाहेरून आणूनच भागते. आर्गन मात्र कुठल्याही गावच्या हवेत तेवढाच आहे, कुठेही प्लँट टाका, मिळणार. दरातला फरक तिथून येतो.